बूम की हँडल? येलदरीच्या काठावरून उत्तर

परभणीहून एकांनी विचारलं आहे. वजन ७८ किलो, समुद्रावर आठवडाभर राहून विंग फॉइलिंग शिकून आलेत (हातात हवेने फुगवलेला पंख, म्हणजे विंग, धरायची आणि बोर्डखाली दांड्याला लावलेल्या पात्यांवर, म्हणजे फॉइलवर, पाण्याच्या वर उठून जायचं), फॉइलवर उठता येतं, पण वळताना दरवेळी पाण्यात. मेव्हणे जर्मनीत असतात, ते दिवाळीला येताना वापरलेली विंग आणणार आहेत. दोन नजरेत आहेत. एक ५ चौरस मीटरची, पूर्ण लांबीच्या बूमची, म्हणजे धरायला एकच सलग दांडी असलेली, मधली फुगीर नळी नसलेली. दुसरी साडेपाचची, मधल्या नळीवर कडक हँडलं बसवलेली. किंमत जवळपास तीच. चालवायची येलदरी धरणाच्या तलावावर, जमलं तर नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर. कोणती घेऊ?

हँडलची घ्या. इथे वाचन थांबवलंत तरी चालेल. पण पुढे कधीतरी कुणाची बूमची विंग हातात येईल, ती आवडेल, आणि वाटेल की या माणसाने उगाच अडवलं. म्हणून कारणं सविस्तर लिहितो. आधीच सांगून ठेवतो, मी मूळचा विंडसर्फिंगचा, बूम हातात आली की माझे हात न बघता आपापल्या जागी जातात. तरीही तुम्हाला हँडल सांगतोय.

बूम विंगकडे आली ती विंडसर्फिंगमधूनच. जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली ज्या शीडफळीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात शीड धरायला हीच आडवी दांडी होती. २०१९ मध्ये फुगवायच्या विंग बाजारात आल्या आणि तेव्हाच दोन वाटा फुटल्या. नेश या कंपनीने मधल्या फुगीर नळीला, म्हणजे स्ट्रटला, हँडलं लावली. ड्युओटोन या दुसऱ्या कंपनीने स्ट्रट काढून टाकला आणि पुढच्या फुगीर कडेपासून, म्हणजे लीडिंग एजपासून, मागच्या कडेपर्यंत बूम घातली. पुढे याच ड्युओटोनने युनिट नावाची हँडलची आणि स्लिक नावाची, स्ट्रट आणि बूम दोन्ही असलेली, अशा दोन्ही तऱ्हा विकल्या. कारखान्याला स्वतःलाच एकीवर शिक्का मारता आला नाही, तर तुम्ही-मी कशाला भांडायचं.

आता मुद्द्याचं. वाऱ्याचा सगळा जोर विंगच्या एका बिंदूपाशी एकवटतो असं धरा. तो बिंदू दोन हातांच्या मध्ये आला की दोन्ही खांद्यांवर सारखा ताण पडतो आणि विंग हातात हलकी वाटते. गंमत अशी की हा बिंदू एका जागी राहत नाही. वारा वाढला, कापड ताणलं गेलं की तो मागे सरकतो आणि मागचा हात भरून येतो. कुदळीच्या दांड्यावर आपला हात भार बघून मागेपुढे सरकतो, बादलीच्या कडीवर मात्र तो एकाच जागी असतो. बूम आणि हँडल यांच्यात फरक आहे तो एवढाच. हँडलच्या विंगमध्ये हात कुठे असावा हे आरेखन करणाऱ्याने ठरवलेलं असतं. बूमवर ते तुम्ही ठरवता, आणि क्षणोक्षणी बदलू शकता.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग बूमच बरी की. विशेषतः आपल्याकडे. कारण आपल्याकडचा वारा समुद्रासारखा एका सुरात वाहत नाही. जून-जुलैत मोसमी पश्चिमेचा वारा पठारावर चांगला जोर धरतो, बीड-धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण तलावावर उतरताना तो टेकड्या, धरणाची भिंत, काठची झाडं ओलांडून येतो आणि तुकड्यातुकड्यांनी येतो. पाचेक सेकंद भरभरून, मग एकदम मोकळं, मग बाजूनेच एक धक्का. अशा वाऱ्यात तो बिंदू सतत मागेपुढे होणार, तेव्हा हात सरकवता येणं ही सोयच.

कागदावर हे बरोबर आहे. पाण्यावर काय होतं ते बघा. धक्का येतो तेव्हा हात सरकवायचा तर आधी मूठ सैल करावी लागते, आणि ती नेमकी ताण सर्वांत जास्त असतानाच. नवशिका हे करत नाही. तो घट्ट धरतो, विंग त्याला ओढते, फॉइल वर येतो आणि तो पाण्यात जातो. ज्याचा हात बसलेला आहे तोसुद्धा धक्क्याच्या मध्यात हात हलवत नाही. तो धक्का येण्याआधी पाण्यावरची काळी सुरकुती बघून हलवतो. खुद्द धक्क्यात सगळेच एकच गोष्ट करतात: मागचा हात सैल सोडून विंग थोडी उघडतात, गुडघे मऊ करतात, अंगाचा भार किंचित पुढे देतात. त्यासाठी हात सरकायची गरज नाही, हाताची हालचाल विंगपर्यंत लगेच पोचायची गरज आहे. ते काम कडक हँडल बूमइतकंच करतं.

म्हणून मी म्हणेन की बूम विरुद्ध हँडल हा वाद मुळात दुय्यम आहे. मोठा फरक पडतो तो कडक हँडल आणि मऊ हँडल यांच्यात. मऊ, पट्ट्यांच्या हँडलमध्ये मनगट वळवलं तर आधी पट्टी वळते, मग विंग. विंगचं एक टोक पाण्याकडे झुकायला लागलं की ते सावरायला दुप्पट पिळावं लागतं आणि तासाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतात. कडक हँडलवर मनगट थोडं वळलं की विंग वळली. फॉइलवर उठण्यासाठी विंग झटक्याने खेचतो, म्हणजे पंप करतो, तेव्हाही तेच, खेचलेली ताकद पट्टीच्या ढिलाईत जिरत नाही. मऊ हँडलांना एक फायदा आहे, बोर्डवर किंवा कपाळावर आपटली तर लागत नाही, आणि घडी छोटी होते. लहान मुलांना शिकवायला मी अजून तीच देतो. पण तुमची जर्मनीतली विंग कडक हँडलची आहे, म्हणजे तुमचा निम्मा प्रश्न आधीच सुटला आहे.

इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. हँडल कार्बनचं असो की बूम, विंगमध्ये हवा कमी असेल तर सगळं वाया. पुढची नळी लिबलिबीत असली की दोन टोकं वेगवेगळी फडफडतात आणि तो जोराचा बिंदू आणखीच भटकतो. झडपेजवळ दाब छापलेला असतो, बहुतेक विंगांना ६ ते ८ पीएसआयच्या आसपास. पंपाचे शेवटचे दट्टे जड जातात तिथे लोक थांबतात. थांबू नका. मात्र एकदा फुगवली की उन्हात ठेवू नका. सकाळी ७ पीएसआय भरलेल्या नळीतली हवा काठावरच्या उन्हात ३० अंशांनी तापली तर दाब ९ च्या घरात जातो, आणि आपल्या मे महिन्यात हे व्हायला अर्धा तास पुरतो. शिवण तरी जाते नाहीतर झडपेचा गोंद तरी सुटतो. पाण्यातून बाहेर आलात, विंग बाभळीच्या सावलीत नेली, तर तिथे दुसरं संकट, त्याबद्दल पुढे लिहितो.

वळताना पडता असं तुम्ही लिहिलंय, आणि इथे बूमची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जाइब करताना, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून वळताना, विंग डोक्यावरून जाते, जुना मागचा हात पुढचा होतो. बूमवर हात कुठेही पडला तरी काहीतरी हाती लागतंच, मग सावकाश सरकवता येतो. हँडलवर ठरलेली जागा सापडावी लागते. ती चुकली की नजर वर जाते, नजर वर गेली की भार मागे जातो आणि फॉइल उसळतो. म्हणून विंडसर्फिंगवरून आलेली माणसं बूमवर पहिल्या दिवसापासून वळतात.

पण तुमचं पडणं हातांपासून सुरू होत नसावं. बहुतेकांचं पायांपासून होतं: वळायला सुरुवात करतानाच वेग मेलेला असतो, फॉइल खाली बसत असतो आणि हातांची अदलाबदल गडबडीत होते. बूम घेतल्याने ते सुटणार नाही. हात बसवायचे तर जमिनीवर बसवा. दिवाळीनंतर आपल्याकडे तसाही फॉइल उचलण्याइतका वारा क्वचित मिळतो, मोकळ्या माळावर विंग घेऊन उभं राहायला मात्र तो पुरतो. डोळे मिटून विंग डोक्यावरून न्या, दुसऱ्या बाजूचं हँडल चाचपून धरा, परत आणा. कंटाळा येईपर्यंत करा. मृगापर्यंत हात स्वतः शिकलेले असतील.

आणि पडण्याचंच बोलायचं तर बूम पडताना आपल्यासोबत पडते. विंग उलटी होऊन पाण्यावर आपटते तेव्हा ती दांडी गुडघ्याला, बोर्डच्या कडेला, कधी हनुवटीला लागते. हेल्मेट घालाच, पण हेल्मेट हनुवटी झाकत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे वारा मरणं. समुद्रावर संध्याकाळी वारा हळूहळू उतरतो. तलावावर तो ढगाच्या एका सावलीने बंद होतो आणि तुम्ही काठापासून लांब, मध्यभागी बोर्डवर बसलेले असता. हँडलची विंग असेल तर हवा सोडायची, गुंडाळायची, पोटाखाली घ्यायची आणि हाताने वल्हवत यायचं. बूमची असेल तर पाण्यात बसल्या बसल्या आधी बूम सोडवायची, तिची पिन नाहीतर टोपण तळाला जाऊ न देता. काठावर मिनिटाभराचं काम, लाटांवर हेलकावत केलं तर तोंडचं पाणी पळतं.

विंगच्या आकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण साडेपाचच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट सांगतो. उत्पादकांचे तक्ते समुद्रसपाटीवरच्या थंड हवेत बनलेले असतात. येलदरी, पैठण वगैरे भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, आणि हवा तापलेली. तक्त्यातल्या हवेपेक्षा आपली हवा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, तेवढाच वाऱ्याचा जोर कमी मिळतो. शिवाय पाणी गोडं. खाऱ्या पाण्यापेक्षा ते अडीच टक्के हलकं, म्हणजे १०० लिटरचा बोर्ड समुद्रावर जेवढं वजन तोलतो त्याहून इथे अडीच किलो कमी तोलतो, आणि फॉइलची उचलही तेवढीच घटते. एकेक आकडा छोटा आहे. पण ७८ किलोचा माणूस समुद्रावर ५ च्या विंगवर उठतो म्हणून इथेही उठेलच असं धरू नका. अर्धा चौरस मीटर जास्तीचा इथे कामाला येतो.

आता ते बाभळीचं. आपल्या तलावांचा काठ म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडलेली काळी माती, तिच्यावर गाळपेराची शेतं, बांधाला बाभूळ आणि जिथे-तिथे सराटे. विंग फुगवायची तर खाली जाड ताडपत्री हवी, सतरंजीतून सराटा वर येतो. इथे बूमच्या, स्ट्रट नसलेल्या विंगला खरा फायदा आहे: फुगवायची नळी एकच, काटा घुसायला जागा कमी, पंपही कमी मारावा लागतो. हे मी मान्य करतो. पण त्या एका नळीत काटा गेला तर सगळंच गेलं. स्ट्रटच्या विंगमध्ये एक नळी बसली तरी दुसरी तरंगत ठेवते, काठापर्यंत आणते.

चिखलाचंही तसंच. काळी माती बूमच्या सरकत्या सांध्यात जाते, वाळते आणि सिमेंट होते. दरवेळी गोड्या पाण्याने सांधा उघडून धुतला तर ठीक. आपण धुतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुरुस्तीचा विचार तर सगळ्यांत आधी करायला हवा होता, पण तो कुणी करत नाही. स्ट्रटवरची हँडलाची शिवण उसवली तर मोंढ्यातला ताडपत्री शिवणारा जाड नायलॉनच्या दोऱ्याने ती पुन्हा घालून देतो. फक्त आतला फुगा आधी बाहेर काढून मगच कापड त्याच्या हाती द्या, नाहीतर हँडल पक्कं होईल आणि नळी चाळणी. कडक हँडलाचा बोल्ट हरवला तर तसा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्टेनलेस स्टीलचा घ्या. बूमची कार्बनची नळी तडकली किंवा लीडिंग एजला जोडणारा प्लास्टिकचा तुकडा मोडला, तर तो भाग परत जर्मनीहूनच यायचा. मेव्हणे पुढच्या दिवाळीला येतील, मधला अख्खा पावसाळा विंग माळ्यावर. विमानातही बूम त्रासच देते. तुकड्यांत सुटली तरी बॅगेत तिरकी लागते. हँडलची विंग गुंडाळून कपड्यांच्या मध्ये बसते.

मग बूम घ्यावी कुणी? ज्यांनी विंडसर्फिंग केलंय त्यांनी खुशाल घ्यावी. ज्यांचे हात आखूड आहेत त्यांनीही: युरोपातल्या उंच माणसाच्या मापाने बसवलेलं मागचं हँडल पाच फुटी माणसाला लांब पडतं, हात ताणून ताणून खांदा जातो, तिथे बूमसारखा उपाय नाही. आणि तिसरे म्हणजे हिवाळ्यात हट्टाने चालवणारे. मंद वाऱ्यात साडेसहा-सातची विंग लागते, उठायला दोन-चार जोरदार पंप मारावे लागतात, आणि तेव्हा मागचा हात भरपूर मागे नेता आला तर पंप लांब बसतो. मला विचाराल तर दोन-तीन पावसाळ्यांनंतर तुमची दुसरी विंग अशी असावी, मोठी आणि बूमची. पहिली मात्र नको.

मेव्हण्यांना पैसे देण्याआधी काय बघायला सांगायचं? हँडलाच्या मुळाशी स्ट्रटच्या कापडावर शिवण पांढरी पडली आहे का, भोकं ओढली गेली आहेत का. बोल्ट हाताने हलतात का. विंग रात्रभर फुगवून ठेवावी आणि सकाळी दाब मोजावा, थोडा उतरला तर हरकत नाही, नळी मऊ पडली तर सोडून द्यावी. मागच्या कडेचं कापड पोटावर धरून दोन्ही हातांनी हलकं ताणून बघावं. उन्हाने खाल्लेलं कापड कागदासारखं कुरकुरतं. आणि शक्य झालं तर वाऱ्यात उभं राहून विंग धरावी. मागचा हात लवकर दुखायला लागला तर हँडलं तुमच्यासाठी फार पुढे आहेत, पुढचा दुखला तर फार मागे. मेव्हण्यांची उंची तुमच्याइतकी नसेल तर त्यांचं मत अर्धंच धरा.

हार्नेस, म्हणजे विंगचा ओढ अंगावर घेणारा कमरपट्टा, आणि त्याची दोरी सोबत मिळत असेल तर घेऊन ठेवा, पण यंदा लावू नका. तुटक वाऱ्यात कमरेला अडकलेली विंग सोडायला जो क्षण लागतो तो नवशिक्याकडे नसतो. विंग आपल्याला बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लीश, मात्र कमरेला किंवा मनगटाला कायम हवा. मोकळी सुटलेली विंग तलावावर पोहून गाठता येत नाही.

नाथसागराचं स्पष्ट लिहितो, कारण याकडे सगळे काणाडोळा करतात. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. विस्तीर्ण, उथळ, वाऱ्याला मोकळा, बघून हात शिवशिवतात हे खरं, पण वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे उतरायचं नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी आणि बाहेरून आलेली बदकं उथळ पाण्यात बसलेली असतात आणि डोक्यावर पाच चौरस मीटरचा रंगीत पंख फिरताना दिसला की अख्खा थवा उठतो. येलदरीलाही जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आधी विचारा, आणि त्यांच्याइतकंच काठावरच्या भोई मंडळींना विचारा. जाळी कुठे टाकली आहेत, बुडालेल्या बाभळीचे खुंट कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक असतं. पाऊण मीटर खोल जाणारा फॉइलचा दांडा जाळ्यात अडकला तर त्यांचं नुकसान आणि तुमचं डोकं बोर्डवर. पाण्यावर थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली तरंगताना दिसली की तिच्यापासून लांबून जा, तिच्याखाली बहुधा जाळं असतं.